पळता बांबू ओळखायचा कसा?

आजरा, चंदगड, राधानगरीकडचा माणगा, चिवा, कळक हे सगळे बेट करून राहणारे बांबू. त्यामुळे बांबू म्हटलं की जागेवर राहणारं बेट, असंच आपण धरून चालतो. नर्सरीतून कुंपणासाठी आणलेला बांबू तीन-चार पावसाळ्यांनी शेजारच्या परड्यात उगवतो, तेव्हा तो पळत्या जातीचा होता हे कळतं. लावण्याआधी कळलं तर पुढचा सगळा त्रास वाचतो.

नावावर आणि रंगावर जाऊ नका. ‘गोल्डन’ नावाने दोन वेगळी झाडं मिळतात. पिवळ्या काठीवर हिरवे पट्टे असतील, तर बहुधा तो बेटाचा बांबूसा व्हल्गॅरिस. फायलोस्टॅकिस ऑरिया मात्र पक्का पळता. काळ्या बांबूचंही तसंच: तिमोरचा काळा बेट करतो, फायलोस्टॅकिस नायग्रा पळतो.

खात्रीची खूण जमिनीखाली असते. कुंडीतून रोप काढा किंवा काठाची माती वीतभर उकरा. बेटाच्या बांबूचा कंद आखूड, जाड, वाकडा असतो आणि त्याचं टोकच वर वळून काठी होतं. पळत्याचं जमिनीखालचं खोड लांब, बारीक, आडवं जातं, हरळीच्या काशीसारखं. त्याच्या गाठीगाठीवर मुळ्या आणि उसाच्या कांडीवर असतो तसा डोळा असतो. कुंडीत ते कडेने गोल फिरलेलं दिसतं.

उकरणं शक्य नसेल तर काठीच्या मध्यावर, फांद्या फुटलेल्या ठिकाणी बघा. एका गाठीवर दोनच फांद्या, एक जाड आणि एक बारीक (क्वचित मध्ये तिसरी अगदी छोटी), आणि फांद्यांच्या वरच्या पेरावर बोटाला लागणारी खोलगट पन्हळ असेल, तर तो फायलोस्टॅकिस कुळातला (ऑरिया, नायग्रा यातलेच), म्हणजे पळता. इथेच बरेच जण फसतात: पन्हळ बुंध्याशी शोधतात. बिनफांदीचं पेर गोलच असतं. बेटाच्या जातींना बहुधा एका गाठीवर फांद्यांचा झुबका असतो.

आता फायलोस्टॅकिस कुळातली जात कोणती ते. ऑरियाच्या बुंध्याशी काही पेरं दाटून आखूड झालेली, गाठी तिरक्या, आणि गाठीखाली कॉलरसारखा फुगवटा दिसतो. सगळ्याच काठ्यांवर हे नसतं, म्हणून चार-पाच काठ्या तपासा. ‘बुद्धा बेली’ची पेरंही फुगतात, पण तो बेटाचा, पन्हळ नसलेला. नायग्राची कोवळी काठी हिरवीच असते; काळे ठिपके पडत ती दोन-तीन वर्षांत काळी होते, तेव्हा हिरवी दिसली म्हणून नाकारू नका. ऑरिओसल्काटाची काठी हिरवी आणि फक्त पन्हळ पिवळी. काही काठ्या बुंध्याशी नागमोडी वाकतात. मोसोच्या नव्या काठीवर मखमली लव असते. काठी प्रचंड, पानं मात्र बारीक.

पन्हळ नाही म्हणजे पळता नाही, असंही नाही. स्यूडोसासा जापोनिकाला गाठीवर एकच फांदी, वीतभर लांब पानं, आणि काठीला चिकटून राहणारी वाळकी आवरणं असतात. चौकोनी बांबूच्या खालच्या गाठींवर काट्यांसारखी मुळं येतात. ईशान्येकडचा मुळी बांबू वेगळाच: काठ्या सुट्या-सुट्या उभ्या राहतात, पण कंद बेटाच्याच प्रकारचा, फक्त त्याची मान लांब. त्या मानेवर डोळे नसतात, हीच ओळख.

पळताच लावायचा असेल तर भोवती दीड मिलिमीटर जाडीचा एचडीपीई (कडक प्लास्टिक) पत्रा ६० ते ७५ सेंटिमीटर खोल उभा गाडा. वरची कड जरा बाहेर कललेली आणि मातीच्या वर ५ सेंटिमीटर ठेवा. घात होतो तो जोडावर आणि कडेवर. जोड नुसता एकमेकांवर ठेवला तर खोड फटीतून निघतं, म्हणून पट्टी लावून बोल्टने आवळा. कडेवर पालापाचोळा साचला तर खोड त्यातून वरूनच पलीकडे जातं. पावसाळा सरताना कड साफ करा आणि वर चढलेली खोडं कापून टाका.