गरजू कुटुंबाचे सोबती होताना

किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती मंडळीत एखाद्या कुटुंबाची अडचण कळली की प्रथम तांदूळ-डाळीची पिशवी पोहोचवली जाते, आणि चूल पेटलेली नसताना तेच योग्य आहे. मात्र पिशवी देणारा दारातूनच परततो. ज्याला वर्ष-दोन वर्षे त्या घराचा विश्वासू सोबती व्हायचे आहे, त्याला पडवीत बसावे लागते.

एका सोबत्याने एकच कुटुंब घ्यावे, स्त्रीकडे स्त्रीनेच जावे आणि पहिली भेट पाळकांबरोबर, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंबरोबर, व्हावी. भेटींची वेळ समुद्राकडे पाहून ठरवावी. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. त्या दिवसांत खलाशाला बोलायला सवड असते, पण घरात पैसा नसतो आणि सावकाराची पायरी नेमकी तेव्हाच चढली जाते. म्हणून आगोटीचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, बोलणे एप्रिलमध्येच काढावे. तांदूळ किती भरायचा, सुकट किती ठेवायची, छपराला कापड लागेल का, मुलांच्या वह्यांचे काय, हा हिशोब कुटुंबाने मांडावा आणि सोबत्याने ऐकावा.

ऐकणे वाटते तितके सोपे नाही. बार्तीमय आंधळा आहे हे सर्वांना दिसत असतानाही, मी तुझ्यासाठी काय करावे, असे येशूने त्याला विचारले (मार्क १०:५१). मी मात्र न विचारताच एका मासळी विकणाऱ्या बाईंना जमाखर्चाची वही नेऊन दिली. चार महिने ती कोरी राहिली आणि मी मनात त्यांच्या आळसाला दोष देत राहिले. एके दिवशी दाराआड पाहिले, तर कोळशाच्या रेघांनी उधारीचा सगळा हिशोब गिऱ्हाइकागणिक मांडलेला होता. बाईंना जवळचे दिसत नव्हते आणि वहीच्या बारीक ओळी त्यांच्या कामाच्या नव्हत्या. त्यांना हवा होता चष्मा, आणि दवाखान्यात बरोबर येणारे कोणीतरी.

बरोबर जाणे हेच सोबत्याचे मुख्य काम आहे. बँकेत, तहसील कचेरीत किंवा रेशन दुकानात आपण शेजारी उभे राहावे, पण बोलणे त्यांचे त्यांनाच करू द्यावे. हातउसने पैसे मात्र देऊ नयेत, कारण उसने घेणाऱ्याला आपल्यासमोर मोकळेपणाने बोलता येत नाही. पैशाची गरज मंडळीच्या मदतनिधीकडे न्यावी आणि निर्णय इतरांनी घ्यावा. समोर आलेला कोरा चहा नाकारू नये. त्यांच्याकडूनही काही मागावे: आपल्या आजारपणात प्रार्थना, किंवा ताजी मासळी ओळखण्याची खूण.

बायबलवाचन आणि प्रार्थना त्यांच्या संमतीने व्हावी, आणि ते उपासनेला आले नाहीत म्हणून मदत थांबू नये. घरातले बोलणे घरातच राहावे. प्रार्थनेचा विषय म्हणून एखाद्याच्या कर्जाची रक्कम सभेत सांगणे ही माझ्या मते सरळ चहाडी आहे.

ठरलेली मुदत संपत आली की दोन महिने आधी तसे सांगावे आणि आठवड्याची भेट हळूहळू महिन्यावर आणावी. पुढच्या आगोटीचा हिशोब त्यांनी आपल्याशिवाय मांडला, तर तो मागून घेऊन तपासू नये.