मणका मोडलेल्या कुत्र्यामांजराच्या ऑपरेशनची तयारी

गाडीची धडक बसलीय आणि मागचे पाय ओढतोय, तर मणका मोडलाय असंच धरून चाला. आधी फळी शोधा. प्लायवूड, कपाटातला सुटा कप्पा, काहीही चालेल, पण वाकणारं नको. चादरीच्या झोळीतून तर मुळीच नेऊ नका. आहे तसा कुशीवरच फळीवर सरकवा, खांद्यापाशी आणि कमरेपाशी ओढणीने बांधा, पोट मोकळं ठेवा. मांजराला कडक बुडाचा खोका पुरतो. तोंडाला पट्टी बांधा, वेदनेत लाडकं जनावरही चावतं. धाप किंवा उलटी असेल तर मात्र बांधू नका. घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर मरतं.

आणि लघवी. शेवटची कधी झाली ते लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना विचारण्याआधीच सांगा.

एक्स-रे पूर्ण पाठीचा काढायला सांगा, मोड दुसरीकडेही असू शकते. छातीचाही हवा, धडकेत फुफ्फुसाला मार बसलेला असेल तर भूल धोक्याची. रक्तात प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) बघाच, आपल्याकडे गोचीडतापाने त्या बऱ्याचदा उतरलेल्या असतात आणि ऑपरेशनमध्ये रक्त थांबत नाही. पुढचे पाय ताठ झाले तर घाबरू नका, तेवढ्यावरून काही ठरत नाही. ठरतं ते चिमट्यावर. डॉक्टर मागच्या बोटाचं हाड चिमट्यात दाबतात तेव्हा पायाकडे नका बघू, तोंडाकडे बघा. पाय आखडणं ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असते. मान वळली, ओरडला, चावायला आला, तर वेदनेची जाणीव आहे. जाणीव नसेल तर पुन्हा चालण्याची आशा फारच थोडी, आणि खर्चाचा निर्णय हे स्पष्ट ऐकूनच घ्या. पिना आणि बोन सिमेंट किंवा प्लेट हाड धरून ठेवतात, मज्जारज्जू शिवत नाहीत.

परत लघवी. थेंब थेंब गळतेय म्हणजे होतेय असं नाही! मूत्राशय तुडुंब भरून वरचं सांडत असतं. ते ताणलं की स्नायू सैल पडतो, जंतुसंसर्ग होतो, किडनीवर येतं. घरी सोडण्याआधी मूत्राशय दाबून रिकामं करणं तुमच्या हातांनी करून दाखवा, डॉक्टरांसमोर. मागच्या पायांच्या पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंनी तळवे सपाट; पाण्याच्या फुग्यासारखं लागतं. सावकाश, एकसारखा दाब, शेपटीच्या दिशेने. जमलं नाही तर घरी नेऊ नका. निघत नसेल तर जोर लावू नका, औषध किंवा नळी लागते.

पुढचं सोपं. पिंजरा, जाड गादी, दर चार तासांनी कूस बदला, ओलं लगेच पुसा. टाके काढणं आणि पुन्हा एक्स-रे डॉक्टर सांगतील तेव्हा. उड्या बंद. मूत्राशय दाबून लघवी दिवसातून तीन-चार वेळा काढा, रात्री झोपण्याआधीची धरून, आणि वेळ कागदावर लिहा.