जुन्या सायकलचं फ्रीव्हील काढायचंय? आधी खाचा मोजा, मग टूल घ्या

जुनं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावर आट्यांनी बसवलेला दातेरी चकत्यांचा संच, निघत नाही म्हणून छन्नी-हातोडीनं ठोकलं जातं, आणि त्यात ते कायमचं निकामी होतं. बहुतेक वेळा चूक टूल निवडण्यात असते. जवळपास बसणारं टूल खाचेची कड खातं, आणि एकदा कड गोल झाली की नंतर बरोबर टूल आणलं तरी ते धरायला काही उरत नाही.

आधी ते फ्रीव्हीलच आहे ना, याची खात्री करा. चाक काढून हातात धरा आणि दातेरी चकत्या उलट्या फिरवा. टूल बसायची जागा चकत्यांबरोबर फिरली तर ती कॅसेट, म्हणजे वेगळ्या पद्धतीनं बसवलेला चकत्यांचा संच. ती हबसोबत (चाकाच्या मधल्या भागासोबत) जागच्या जागी राहिली तर आट्यांवर बसलेलं फ्रीव्हील. कॅसेटचं टूल आणि शिमानो फ्रीव्हीलचं टूल दोन्ही १२ दात्यांची असतात आणि व्यासात फरक अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास, म्हणून नुसतं बघून उचलू नका.

आता एक्सलभोवतीचा चिखल आणि वाळलेलं ग्रीस रॉकेलनं धुवा. टॉर्च मारून खाचा किंवा दाते मोजा, कॅलिपरनं व्यास घ्या. चकतीवर कोरलेल्या नावावर विसंबू नका, कारण एकाच कंपनीनं वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या बैठका वापरल्या आहेत. सनटूर हे त्याचं ठळक उदाहरण. त्यांच्या परफेक्ट आणि प्रो-कॉम्पे या जुन्या फ्रीव्हीलना समोरासमोर दोन खाचा असतात, व्यास साधारण २५ मिमी. त्याला पार्क टूल या अवजार कंपनीचं एफआर-२ लागतं. नंतरच्या विनर मालिकेला चार खाचा, व्यास साधारण २४ मिमी, टूल एफआर-३. शिमानोच्या आतल्या १२ दात्यांच्या, २३ मिमीच्या बैठकीला एफआर-१.३ बसतं. सन रेसची बरीच फ्रीव्हील आणि साक्सची काही त्यानंच निघतात. फ्रेंच आतोम, मायार यांना २० बारीक दाते असतात, व्यास २२ मिमीच्या आसपास, त्यासाठी एफआर-४. रेजिनाच्या काही फ्रीव्हीलनाही हेच चालतं, पण रेजिनाची जुनी दोन खाचांची वेगळी, आणि सनटूरचं दोन खाचांचं टूल त्यांना चालत नाही. खाच बारीक दिसली तर थांबा आणि त्याच मापाचं टूल शोधा.

फ्रेंच हबवर आणखी एक अडचण येते. २० दात्यांचं टूल एक्सलच्या लॉकनटला अडतं आणि दात्यांत पूर्ण उतरत नाही. अशा वेळी जोर लावू नका. पातळ भिंतीचं टूल मिळालं तर उत्तम, नाहीतर त्या बाजूचा लॉकनट आणि स्पेसर काढा, टूल तळापर्यंत बसवा.

फ्रीव्हीलच्या तोंडावर दोन छोटी गोल भोकं दिसतात, तिथे टूल लावायचं नसतं. ती आतल्या झाकणाची, आणि त्या झाकणाचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या दिशेनं फिरलं की उघडतं आणि १/८ इंचाचे छर्रे घरभर होतात.

टूल बसलं की ते दाबून धरायला हवं. दोन खाचांच्या बाबतीत तर ही पायरी चुकवायचीच नाही, कारण जोर येताच टूल वर सरकून खाच फोडतं. क्विक-रिलीजचा (पोकळ एक्सलमधून जाऊन चाक आवळणारा) दांडा स्प्रिंगशिवाय परत घाला आणि टूल हलणार नाही इतपत त्याचा नट आवळा. भरीव एक्सल असेल तर तिचाच नट वापरा. दोन खाचांच्या टूलच्या कडा गोल झालेल्या असतील तर ते टूल वापरूच नका.

सगळ्यात सोपी रीत व्हाइसची, म्हणजे टेबलाला बसवलेल्या शिकंज्याची. टूलची षटकोनी बाजू व्हाइसमध्ये घट्ट पकडा, चाक आडवं, फ्रीव्हील खाली. टायर दोन्ही हातांनी धरून वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेनं चाक फिरवा. रिमचा व्यासच इथे तरफेचं काम करतो. व्हाइस नसेल तर किमान १२ इंचांचा पाना घ्या. आटे सुटल्याचा झटका बसला की लगेच थांबून नट सैल करा. तसंच फिरवत राहिलात तर बाहेर येणारं फ्रीव्हील दांड्याला ताणतं आणि दांडा मोडतो. पुढचं हातानं निघतं.

पॅडल मारताना प्रत्येक जोराबरोबर फ्रीव्हील आणखी आवळलं जातं, म्हणून वर्षानुवर्षं वापरलेलं फ्रीव्हील हलायला तयार नसतं. मुंबई-कोकणच्या दमट, खारट हवेत ॲल्युमिनियमचा हब आणि स्टीलचं फ्रीव्हील यांच्यात गंजही धरतो. गंज सोडवणारं तेल हबच्या बाजूनं, फ्रीव्हीलच्या मागच्या फटीत सोडा आणि चाक रात्रभर आडवं ठेवा. चाक तापवू नका. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं आणि ते आत असल्यानं पकड उलट घट्ट होते. फ्रीव्हील निघण्याआधी तारा मात्र काढू नका, कारण मोकळ्या हबला फिरवायला धरायचं काय, हा प्रश्न फार महागात पडतो.

नवं बसवण्याआधी आट्यांचं माप जुळतंय का बघा. इंग्रजी १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे, फ्रेंच ३४.७ मिमी व्यास, १ मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर). इंग्रजी फ्रीव्हील फ्रेंच हबवर सैल बसतं, जोर येताच आटे खाऊन सुटतं. हबच्या आट्यांना भरपूर ग्रीस लावा, पहिले दोन-तीन फेरे हातानंच बसवा. वाकडं धरलंय असं वाटलं तर परत सोडून पुन्हा सुरुवात करा.