मोठ्या माणसाची गार्डियनशिप घेताय? निदान या चुका टाळा

गार्डियनशिप म्हणजे ज्याला स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत त्याचं कायदेशीर पालकत्व. माझ्या मुलीला ऑटिझम आहे, तिच्या गार्डियनशिपचे कागद मी स्वतः केले, त्यामुळे ठाण्यातले, नवी मुंबईतले लोक एकमेकांकडून नंबर घेऊन मला विचारतात आणि खरं सांगते, दर वेळी चुका त्याच असतात.

सगळ्यात जास्त संताप येतो तो आयसीयूतल्या अंगठ्याचा. वडिलांना स्ट्रोक आलेला, शुद्ध नाही, बिल वाढतंय, बँक म्हणते खातेदाराची सही आणा, मग कुणीतरी सांगतं की नोटरीला इथेच बोलावू, अंगठा घेऊ, झाली पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार करायचं अधिकारपत्र. अहो, ज्याला आपण कुठे आहोत हेच कळत नाही तो अधिकार देणार कसा? आणि आधी चांगल्या शुद्धीत दिलेली पॉवरसुद्धा माणसाचं भान गेलं की संपते, करार कायदा १८७२ मधलं कलम २०१ बघा.

ओळखीतल्या एका कळव्याच्या घरात हेच झालं. मुलाने अंगठा घेतला, त्यावर वडिलांचा फ्लॅट विकायला काढला, टोकनही घेतलं. बहिणीने हरकत घेतली, तिच्या वकिलाने हॉस्पिटलचे केस पेपर काढले, तर त्याच तारखेला पेशंट बेशुद्ध, व्हेंटिलेटरवर असं स्वच्छ लिहिलेलं. गिऱ्हाईक टोकन परत मागायला दारात, भावाबहिणीचं बोलणं बंद. मुलाच्या मनात पाप नव्हतं हो, पैसे वडिलांच्या उपचारालाच हवे होते. शेवटी जिथे पहिल्या दिवशी जायला हवं होतं तिथेच गेले, हायकोर्टात. कोमातल्या माणसाच्या पालकत्वासाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही, म्हणून घटनेच्या कलम २२६ खाली रिट याचिका करतात, केरळ हायकोर्टाने २०१९ मध्ये यासाठी जी चौकट घालून दिली तिचा आधार घेतात. डॉक्टरांचा रिपोर्ट, सगळ्या वारसांची संमती, मालमत्तेची यादी, हे सगळं लागतं. परदेशातल्या भावाचं नाव 'कशाला उगाच' म्हणून गाळू नका, तोच नंतर हरकत घेऊन उभा राहतो.

याचिकेत प्रत्येक खातं, एफडी, डिमॅट, लॉकर नंबरासकट लिहा. बँकवाले ऑर्डर शब्दन् शब्द वाचतात, लॉकरचा उल्लेख नसेल तर लॉकर उघडत नाहीत. फ्लॅट विकायची परवानगी ऑर्डरमध्ये नसेल तर विकू नका, परत कोर्टात जा.

मेंटल हेल्थकेअर कायदा २०१७ खालचा नामनिर्देशित प्रतिनिधी फक्त उपचारांपुरता, त्या कागदावर पेन्शन काढता येत नाही.

मूल १८ पूर्ण झालं की आईवडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे ऐकून लोक अजून चमकतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ आहे, अर्ज कलेक्टरकडच्या लोकल लेव्हल कमिटीकडे, म्हणजे जिल्ह्याच्या समितीकडे, हायकोर्टाची पायरी चढावी लागत नाही. आजीचा डिमेन्शिया मात्र या कायद्यात बसत नाही.

आणि जिल्हा बघा! वाशी, नेरूळ, ऐरोली, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, नवीन पनवेल रायगडात, म्हणजे तुमची कमिटी अलिबागला. 'आम्ही नवी मुंबईकर' म्हणून खारघरची माणसं ठाण्याच्या कोर्टनाक्यावर फाइल घेऊन येतात आणि दिवस फुकट घालवतात.

आता हिशेब. कमिटीकडून गार्डियनशिपचं सर्टिफिकेट मिळालं की लोक पेढे वाटतात आणि फाइल माळ्यावर टाकतात. नॅशनल ट्रस्ट कायद्याच्या कलम १६ मध्ये स्पष्ट आहे, नेमणुकीपासून ६ महिन्यांत मालमत्तेची आणि देण्याघेण्याची यादी द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत, म्हणजे जूनअखेर, हिशेब. नातेवाइकाने किंवा नोंदणीकृत संस्थेने तक्रार केली तर कलम १७ खाली पालकाला काढताही येतं. बहिणीची फॅमिली पेन्शन स्वतःच्या खात्यात घेऊन त्यातून घरचा किराणा भरणारे भाऊ मी पाहिलेत, चोर नाहीत ते, पण विचारल्यावर दाखवणार काय? मी मुलीचं खातं वेगळं ठेवते, त्यातून दुसऱ्या कशासाठी एक रुपया जात नाही. मेडिकलच्या बिलांवरची शाई उडते म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढते, मागे कशासाठी ते लिहिते, आणि महिन्याचा एक लिफाफा करते. अ‍ॅपवर माझा भरवसा नाही, वहीच बरी.

'आठवड्यात सर्टिफिकेट हातात देतो' म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. कमिटीची मीटिंग त्यांच्या वेळेनेच लागते, रोज फोन करून ती अलीकडे येत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना आणि दिव्यांगांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आधार, दिव्यांग प्रमाणपत्र आणि पासबुक यांवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते अर्जाआधीच बघा. कोर्टाच्या ऑर्डरच्या सर्टिफाइड कॉपी जास्तीच्या काढा. आणि गार्डियन असलेले आई किंवा बाबा गेले तर कमिटीला लगेच कळवून नवीन अर्ज करा, जुनं सर्टिफिकेट दाखवून पेन्शन काढत राहू नका.