लेथवाल्यांनो, या चुका टाळा

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ (तुकडा फिरवत धातू कापायचं मशीन), एक शेपर, एक रेडियल ड्रिल. भंडारा-गोंदियाकडच्या राईस मिलचे शाफ्ट, जिनिंगचे रोलर, खाणीतल्या पंपांचे स्लीव्ह, असं दुरुस्तीचं काम येतं. इतक्या वर्षांत पोरं बदलली, चुका मात्र त्याच आहेत.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे गरम जॉब, म्हणजे मशीनवर लावलेला तुकडा, मोजणं. मीही ती केली आहे. मे महिना होता. एका राईस मिलचा शाफ्ट आला, बेअरिंगची जागा झिजलेली. वेल्डिंगने भरून ती लेथवर ७५ मिमीला कापायची, म्हणजे टर्न करायची होती. गिरणी बंद पडलेली, मालकाचा तासातासाला फोन. आमचे म्हातारे मिस्त्री म्हणाले, "थांब ना बाप्पा, गरम हाये तो अजून." मी थांबलो नाही. शेवटचा कट घेतला, मायक्रोमीटर लावला, ७५.०१५ आलं. मला हवं तेच माप, बेअरिंग घट्ट बसावं म्हणून ७५ पेक्षा किंचित जास्त. शाफ्ट रात्रीच गाडीत चढवला.

चौथ्या दिवशी बेअरिंग तापत असल्याचा फोन आला. उघडून पाहिलं तर आतली रिंग शाफ्टवरच फिरत होती आणि जागा तापून निळी पडली होती. पोलाद दर मीटरला, दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतं. भरलेला शाफ्ट आणि त्यावर नुकताच घेतलेला कट, म्हणजे जॉब हवेपेक्षा चाळीसेक अंशांनी गरम होता. ७५ मिमीवर तो फरक ०.०३५ मिमी होतो. थंड झाल्यावर शाफ्ट ७४.९८ चा राहिला आणि बेअरिंग सैल बसलं. दुसऱ्यांदा भरण्याचा आणि टर्निंगचा खर्च माझ्या खिशातून गेला.

मापाचं प्रमाण तापमान २० अंश मानतात. उन्हाळ्यात आपल्या शेडमध्ये ४५ अंश असतात, म्हणून पोरं म्हणतात, इथे अचूक काम होणारच कसं? होतं. जॉबही पोलादाचा, मायक्रोमीटरही पोलादाचा. दोघं सारखेच तापलेले असले तर दोघं सारखेच वाढतात. घोळ होतो तो दोघांच्या तापमानात फरक असला की. मी शेवटच्या कटाआधी थांबतो, कूलंट सोडतो आणि जॉबला हाताचा मागचा भाग लावून पाहतो. मायक्रोमीटर जॉबशेजारीच ठेवतो, खिशात कधीच नाही, कारण अंगाच्या उबेनेही तो चुकतो. मग चहा पितो आणि मोजतो. ॲल्युमिनियमला मात्र हा हिशोब लागू नाही, ते पोलादाच्या दुप्पट वाढतं. १०० मिमीचा तुकडा ४५ अंशांवर पोलादी मायक्रोमीटरने मोजला तर तीनेक शतांश मिलिमीटरचा फरक पडतो.

बाकी चुका थोडक्यात. चकची, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्याची, चावी चकमध्ये ठेवून स्विच दाबू नका. लेथवर हातमोजे घालून काम करू नका, मशीन मोज्यासकट हात ओढून नेतं. एम १० च्या टॅपला, म्हणजे १० मिमीचे आटे पाडायच्या हत्याराला, ८.५ मिमीचं ड्रिल लागतं. ८ चं मारून जोर लावला की टॅप आत तुटतो आणि तो काढण्यात अख्खा दिवस जातो. एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूल ग्राइंडरवर लाल करून पाण्यात बुडवू नका, धारेला बारीक चिरा पडतात. कार्बाइडच्या टूलला तर पाणी दाखवूच नका, त्याला धार लावायला हिरवा दगड वापरा. तोंडी ऑर्डरवर काम घेऊ नका. आपली उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असली तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने ग्राहकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, पण काम कधी दिलं याचा कागद हातात हवा.

आता ज्या चुकीने मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, ती सांगतो. म्हातारा मिस्त्री शॉपमध्ये असतो तोवर कोणी त्याला काही विचारत नाही. व्हाईट मेटलचं, म्हणजे मऊ पांढऱ्या मिश्रधातूचं अस्तर असलेलं, बेअरिंग ओतणं ही कला आमच्या मिस्त्रींकडे होती. आधी शेलला (बेअरिंगच्या बाहेरच्या कवचाला) कल्हई, ती नीट धरली नाही तर अस्तर सुटणारच. मँड्रेलला (मधे उभ्या केलेल्या दांड्याला) काजळी. शेल आणि मँड्रेल दोन्ही गरम, कारण थोडा ओलावा राहिला तरी वितळलेला धातू उसळून अंगावर येतो. धातू तयार झाला का, हे ते सुक्या लाकडाच्या काडीने पाहायचे: बुडवली की काळी पडावी, पण पेटू नये. मग एका धारेत, न थांबता ओतायचं. थंड झाल्यावर शाफ्टला निळा रंग लावून बेअरिंगमध्ये फिरवायचं, डाग दिसतील तिथे स्क्रॅपरने खरवडायचं, पुन्हा निळं, पुन्हा खरवडणं. तो स्क्रॅपरही जुन्या कानशीपासून त्यांनीच बनवलेला.

पोरं शिकली नाहीत याचा दोष मी पोरांना एकट्यांना देत नाही. मालक म्हणून चूक माझी होती. मी मिस्त्रींना नगावर पैसे देत होतो. पोराने प्रश्न विचारला की त्यांचा नग मागे पडायचा आणि मजुरी बुडायची. कोण शिकवेल? आता मी जुन्या माणसाला आठवड्यातला अर्धा दिवस फक्त शिकवण्याचा रोज देतो, त्या वेळेत एकही नग मागत नाही. मोबाइलवर त्यांच्या हातांचं चित्रण करतो, चेहऱ्याचं नाही, कारण कानस कशी धरली हे हातातच दिसतं. पण नुसतं चित्रण पाहून 'आलं' म्हणणारा पोरगा मला चालत नाही. त्याने त्याच दिवशी, मिस्त्री शेजारी उभे असताना, एक तुकडा स्वतः खरवडून निळ्याचे डाग दाखवायचे.

सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीनं, येऊ द्या, माझा विरोध नाही. मात्र झिजलेला, वाकलेला, नकाशा नसलेला एकच शाफ्ट घेऊन गिऱ्हाईक दारात येतं, तेव्हा काय मोजायचं आणि कुठून मोजायचं हे माणसालाच ठरवावं लागतं. म्हणून माझ्याकडे पहिले सहा महिने पोरगं कानस आणि छन्नीवरच असतं. काही जण पंधरा दिवसांत कंटाळून सोडून जातात, मी थांबवत नाही. गेल्या वर्षीपासून टिकलेल्या एकाने मागच्या महिन्यात पहिलं बेअरिंग स्वतः ओतलं. धातू तापत असताना तो चार वेळा काडी बुडवून पाहत होता.