तीर्थनवर फ्लाय फिशिंगचे फोटो: हवेतली दोरी कशी टिपायची

पोलरायझर (पाण्यावरची चमक कापणारा फिल्टर) लावा, बर्स्ट मोडवर (बटण दाबून ठेवलं की सलग फोटो) ठेवा, सूर्योदयाला हजर राहा. फ्लाय फिशिंगच्या, म्हणजे गळाला नकली माशी लावून केलेल्या मासेमारीच्या, फोटोंबद्दल कुणालाही विचारा, हे तीन सल्ले हमखास मिळतात. हिमाचलातल्या तीर्थन नदीवर यातला एकही जसाच्या तसा चालत नाही. दरी इतकी अरुंद आहे की सूर्योदय होऊन गेला तरी पाण्यावर बराच वेळ ऊन येत नाही. पहाटे उठून थंडीत कुडकुडत बसलेले फोटोग्राफर बघितले की मला त्यांना चहा प्यायला परत पाठवावंसं वाटतं.

शिकायला मात्र ही नदी उत्तम. कुल्लूच्या रस्त्यावर औटला वळायचं, लारजी आणि बंजार मागे टाकून गुशैनीकडे जायचं. रस्ता बराचसा नदीच्या कडेनेच जातो. गाडीतून उतरून थोडं खाली चाललं की पाण्याशी. ब्राउन ट्राउट हा इथला मूळचा मासा नव्हे, 1909 च्या सुमारास इंग्रजांनी तो कुल्लूच्या पाण्यात आणला.

केव्हा जायचं

1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते. मे महिन्याच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची गर्दी येते तेव्हा बर्फ वितळून नदी जोरात असते. जुलै-ऑगस्टला पाणी मातकट. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर, नाहीतर मार्च-एप्रिलचे सुरुवातीचे दिवस. गळ टाकणाऱ्याकडे मत्स्य विभागाचा परवाना आहे ना, हे आधीच विचारून घ्या.

माणूस आणि त्याची दोरी

इथे बरेच जण आमिष म्हणून चकाकणारा धातूचा चमचा लावून साध्या रीळवर मासे धरतात. त्यात गैर काही नाही, पण त्याची नायलॉनची दोरी फोटोत दिसत नाही. फ्लाय फिशिंगमध्ये माशी वजनाने नगण्य असते आणि जाड, वजनदार दोरीच तिला ओढत नेते, म्हणून हवेत तो वळसा पडतो. आपल्याला फोटो त्या वळशाचा हवा आहे. तेव्हा फ्लाय रॉडवाला माणूस गाठा, आणि त्याच्याकडे पिवळी किंवा नारिंगी दोरी असेल तर तीच लावायला सांगा. फिकट हिरवी दोरी देवदारांच्या पुढे नाहीशी होते.

आणखी एक विनंती करायची. तीर्थनमध्ये मोठमोठे धोंडे आहेत, त्यांच्या आडोशाच्या छोट्या डोहांत मासे असतात, त्यामुळे जाणकार माणूस इथे फार लांब दोरी फेकतच नाही. वजनदार निम्फ (पाण्याखाली बुडणारी नकली अळी) लावली असेल तर वळसाही ओबडधोबड पडतो. फोटोपुरती दहा मिनिटं मागून घ्या: रुंद पाण्याची जागा, आणि माशीऐवजी दोरीच्या टोकाला लोकरीचा छोटा झुपका. गळच नसल्यामुळे तुमचा कानही शाबूत राहतो.

वळसा टिपणे

मी स्वतः सगळ्यात जास्त इथेच अडखळले, आणि चुकीचे सल्लेही सगळ्यात जास्त याच टप्प्याबद्दल मिळतात.

पहिली गोष्ट प्रकाश. दोरी जेमतेम एक मिलिमीटर जाड असते. ती उठून दिसायची तर तिच्यावर मागून ऊन हवं आणि तिच्या पाठीमागे काळोख हवा. सूर्य समोरच्या डोंगराच्या कडेवरून नुकताच वर आलेला असतो तेव्हा आपल्याकडे तोंड असलेला उतार अजून सावलीत असतो आणि नदीवर मात्र ऊन उतरलेलं असतं. ही वेळ थोडकीच टिकते. संध्याकाळी सूर्य कडेआड जाण्याआधी ती दुसऱ्या बाजूने पुन्हा मिळते. घड्याळात बघून उपयोग नाही, कारण नदीच्या प्रत्येक वळणावर ही वेळ वेगळी. आदल्या दिवशी त्याच जागी बसून ऊन पाण्यावर कधी येतं हे बघून ठेवा.

दुसरी गोष्ट उभं राहण्याची जागा. दोरी ज्या रेषेत मागे-पुढे जाते तिला काटकोनात उभं राहा. तिरकं उभं राहिलात तर वळसा चपटा दिसतो आणि अर्धा फोकसबाहेर जातो. काटकोनात असलात की माणूस आणि दोरी साधारण एकाच अंतरावर येतात, मग फोकस त्याच्या चेहऱ्यावर लावून ठेवला की काम झालं. माणूस उजव्या हाताने फेकत असेल तर त्याच्या डाव्या बाजूला राहा. हाताआड चेहरा जात नाही आणि फटकाही बसत नाही. त्याच्या पाठीमागे कधीही जायचं नाही, मागे येणारी दोरी पुढे जाणाऱ्या दोरीइतकीच वेगात असते. तो प्रवाहाविरुद्ध वर सरकत असतो, त्यामुळे तुम्ही त्याच्या खालच्या अंगाला राहा. वरच्या पाण्यात तुमची सावली पडली तर तिथले मासे गेलेच समजा, आणि तो माणूस पुन्हा तुम्हाला सोबत नेणार नाही.

‘खाली बसून काढा, फोटो भव्य येतो’ हेही ऐकू नका. खाली बसलं की दोरी पांढऱ्या आकाशावर जाते आणि संपते. सरळ उभं राहा किंवा एखाद्या धोंड्यावर चढा, म्हणजे डोक्यावरची दोरी डोंगराच्या सावलीवरच राहते. पंधरा-वीस मीटर अंतर आणि 70-200 मिमीची झूम लेन्स पुरते.

कॅमेरा मॅन्युअलवर. आपोआप ठेवलात तर तो काळा डोंगर बघून फोटो उजळ करतो आणि दोरी पांढुरकी होऊन विरते. माणसाच्या टोपीची उन्हातली कड जळणार नाही इतपत एक्स्पोजर खाली आणा. डोंगर काळा पडला तर पडू दे. शटर 1/1600 सेकंदापेक्षा हळू नको, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) f/5.6 ते f/8, उरलेलं आयएसओने, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेने, सांभाळा. पोलरायझर काढून पिशवीत टाका. तो एक-दीड स्टॉप, म्हणजे निम्मा किंवा त्याहून जास्त, प्रकाश खातो आणि पाण्यावरची चमकही घालवतो. तो हवा असतो पाण्याखालचा मासा दाखवताना.

आता बटण केव्हा दाबायचं. दोरीकडे बघून दाबलंत तर उशीर होतो. मनगटाकडे बघा. रॉड झपकन थांबतो आणि वळसा त्यानंतर उलगडत जातो. तो थांबला की दाबा, तीन-चार फ्रेम घ्या आणि सोडून द्या. बोट दाबून ठेवणाऱ्याचा बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) नेमका हव्या त्या क्षणी भरतो. भिजलेली माशी वाळवण्यासाठी माणूस दोरी पाण्याला न लावता दोन-तीनदा हवेतच फिरवतो, तेव्हा तयार राहा: दोरीवरून बारीक थेंबांची रांग सुटते, मागून ऊन असेल तर प्रत्येक थेंब वेगळा दिसतो, आणि रॉडच्या टोकाशी पाण्याची छोटी धूळ उडते.

पाण्यात उतरायचं असेल तर

गुडघ्याच्या वर नाही. पिशवीचा कमरपट्टा सोडून ठेवा, म्हणजे घसरलात तर ती अंगावेगळी करता येते. वर डोंगरात पाऊस झाला तर पाणी आधी गढूळ होतं. तसं दिसलं की काठावर या, फोटो राहू दे.

हातातला मासा

कॅमेऱ्याची सगळी तयारी मासा जाळीत, पाण्यातच असताना करा. हात ओले करून, न आवळता, दोन्ही तळव्यांवर आडवा धरायला सांगा, पाण्यापासून वीतभरच वर. ‘उचल’ म्हटल्यावर तीनपर्यंत मोजेस्तोवर फोटो संपला पाहिजे. जवळून घेतलात तर ब्राउन ट्राउटच्या अंगावरचे लाल ठिपके आणि त्यांच्याभोवतीची फिकट कडी येतात, माणसाचा हसरा चेहरा नसला तरी चालतं. डोळे मिटले गेले, मासा वळला, काहीही झालं तरी त्याला पुन्हा उचलायला लावू नका.