दिवस-रात्रीच्या तापमानफरकातून वीज: इंदूरच्या गच्चीसाठी पाण्याचा डबा

एप्रिलमध्ये इंदूरला दुपारी पारा ३८ अंशांच्या आसपास असतो आणि पहाटे २२पर्यंत उतरतो. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचं, कौतुक ज्या गारव्यासाठी होतं, तोच इथे कामाला लावायचा आहे. वीज नुसत्या उष्णतेतून निघत नाही, फरकातून निघते, आणि असा फरक माळव्यातली गच्ची रोज देते.

आधी हिशेब. खालचं उपकरण नीट जमलं तर सरासरी ०.३ मिलिवॉट देईल, म्हणजे दिवसाला २५ ज्यूलच्या आसपास. मोबाइलच्या ४००० एमएएच बॅटरीत सुमारे ५५,००० ज्यूल मावतात, त्यामुळे मोबाइल चार्ज करण्याचा विचार सोडून द्या. एलसीडीचं छोटं घड्याळ, दर काही मिनिटांनी जागा होणारा तापमानाचा सेन्सर किंवा लुकलुकणारा एलईडी मात्र यावर आरामात चालतो, आणि सेल बदलायचा त्रास राहत नाही.

हवेच्या दाबातल्या बदलातूनही ऊर्जा मिळते. न्यूझीलंडच्या डनेडिनमधलं बेव्हर्ली घड्याळ १८६४पासून हवाबंद पेटीतल्या हवेच्या आकुंचन-प्रसरणावर चालत आलं आहे. इंदूरला मात्र दिवसभरात दाब जेमतेम ३-४ हेक्टोपास्कलने खालीवर होतो. उलट हवाबंद डब्यातली हवा १० अंशांनी तापली की आतला दाब ३० हेक्टोपास्कलने वाढतो. म्हणजे तापमानाचं पारडं दहापट जड. त्यातही २० लिटरच्या हवाबंद कॅनमधून १० अंशांच्या चढाला फार तर अर्धा ज्यूल काम निघतं. म्हणून इथे हवा नको, पाणी वापरू.

सामान

तेलाचा ५ लिटरचा चौकोनी पत्र्याचा डबा, टीईसी१-१२७०६ जातीचं ४० × ४० मिलिमीटरचं पेल्टिये मॉड्यूल (दोन बाजूंच्या तापमानात फरक पडला की वीज देणारी चपटी वडी), १२० × १२० मिलिमीटरची ३ मिलिमीटर जाड अ‍ॅल्युमिनियमची प्लेट, ४० × ४० × २० मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, १०० × १०० मिलिमीटरचा पातळ पात्यांचा हीट सिंक (हवेशी उष्णतेची देवघेव करणारा धातूचा तुकडा), ४ मिलिमीटरचे स्टेनलेस स्टीलचे दोन काउंटरसंक बोल्ट, थर्मल पेस्ट, ७५ मिलिमीटर जाड थर्मोकोल, एलटीसी ३१०९ या व्होल्टेज वाढवणाऱ्या चिपचा तयार बोर्ड आणि वीज साठवायला १ फॅरड ५.५ व्होल्टचा सुपरकपॅसिटर. मॉड्यूल, हीट सिंक आणि पेस्टसाठी महाराणी रोडवर चक्कर मारा. बोर्ड ऑनलाइनच मागवावा लागेल.

जोडणी

डब्यात आधी ४ लिटर पाणी भरा. पाणी भरल्यावर पत्रा थोडा फुगतो. रिकाम्या डब्याला प्लेट चिकटवून मग पाणी भरलं तर चिकटवलेला थर सुटतो. तापलेलं पाणी फुगतं, म्हणून वरची जागा मोकळी ठेवून झाकण बंद करा.

प्लेटला समोरासमोर दोन भोकं पाडून बोल्ट मागच्या बाजूने घाला, डोकी प्लेटच्या आत बसली पाहिजेत. डब्याची एक उभी बाजू पॉलिश पेपरने घासा आणि तिथे प्लेट अ‍ॅरल्डाइटने चिकटवा. थर पातळ आणि एकसारखा असला की साधं अ‍ॅरल्डाइट पुरतं.

बाजू उभीच का, ते समजून घ्या, कारण इथे बरेच जण चुकतात. मॉड्यूल डब्याच्या वर लावलं तर दिवसा वरचं पाणी तापतं आणि हलकं असल्यामुळे वरच बसून राहतं, खालच्या पाण्यापर्यंत उष्णता पोचतच नाही. खाली लावलं तर रात्री तीच अडचण उलटी होते: गार झालेलं पाणी तळाशी साचतं. उभ्या बाजूला पाणी दिवसा चढतं, रात्री उतरतं आणि दोन्ही वेळा घुसळलं जातं.

प्लेटवर ठोकळा, ठोकळ्यावर मॉड्यूल, मॉड्यूलवर हीट सिंक. प्रत्येक सांध्यात पेस्टचा पातळ थर. ठोकळा वगळू नका. तो नसेल तर प्लेट आणि हीट सिंक यांच्यात ४ मिलिमीटरचीच फट उरते आणि बरीचशी उष्णता मॉड्यूलला वळसा घालून तिथूनच निसटते. २४ मिलिमीटरच्या फटीत थर्मोकोलचे तुकडे ठासून भरता येतात. बोल्ट स्टेनलेसचेच घ्या: साध्या लोखंडाच्या तुलनेत त्यातून सुमारे एकतृतीयांश उष्णता वाहते. आवळताना एकाला पाव फेरा, मग दुसऱ्याला पाव फेरा. एकच बाजू आधी घट्ट केली की मॉड्यूलच्या सिरॅमिकला तडा जातो. तडा बाहेरून दिसत नाही, वीज मात्र बंद होते.

आता डब्याला सहाही बाजूंनी ७५ मिलिमीटर थर्मोकोल लावा, फक्त हीट सिंक बाहेर राहू द्या. थर्मोकोल २५ मिलिमीटरचा वापरला तर निम्म्याहून जास्त उष्णता भिंतींतून ये-जा करते आणि मॉड्यूलच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. हीट सिंकला बिनचमकीचा काळा रंग पातळसा मारा, त्याची पाती उभी ठेवा म्हणजे हवा त्यांतून वर सरकेल, आणि डबा गच्चीवर पश्चिमेकडे तोंड करून ठेवा. दुपारचं ऊन आणि रात्रीचं मोकळं आकाश, दोन्ही त्याला मिळालं पाहिजे.

वीज गोळा करणं

हे मॉड्यूल दर अंश फरकाला सुमारे ०.०५ व्होल्ट देतं. पण बाहेरचा फरक पूर्णपणे त्याच्या वाट्याला येत नाही. हीट सिंक आणि पाणी आपापला हिस्सा घेतात. पाण्याचं तापमान दिवसाच्या सरासरीजवळ राहतं, त्यामुळे १६ अंशांच्या चढउतारात पाणी आणि बाहेरची हवा यांच्यात जास्तीत जास्त ८ अंशांचा फरक पडतो. त्यातले मॉड्यूलला तीनेक मिळतात. म्हणजे ०.१५ व्होल्ट, ऊन थेट पडलं तर जास्त. एवढ्यावर डायोडचा ब्रिज (उलटसुलट वीज एकाच दिशेला वळवणारी चार डायोडची जोडणी) लावण्यात अर्थ नाही, सगळा व्होल्टेज डायोडच खाऊन टाकेल.

शिवाय दिवसा उष्णता आत जाते, रात्री बाहेर पडते, त्यामुळे प्लस-मायनस रोज दोनदा उलटतात. एलटीसी ३१०९ दोन्ही दिशांना ३० मिलिव्होल्टपासून काम सुरू करतो, म्हणून तो निवडला. एलटीसी ३१०८ हा त्याचा भाऊ २० मिलिव्होल्टला सुरू होतो, पण एकाच दिशेने. तो वापरायचा असेल तर मध्ये उलटसुलट करणारा सहा पायांचा स्लाइड स्विच लावून सकाळ-संध्याकाळ हाताने फिरवा. आउटपुट ३.३ व्होल्टवर ठेवा, सुपरकपॅसिटर जोडा आणि पहिल्या दिवशी लोड, म्हणजे घड्याळ, सेन्सर किंवा एलईडी, लावू नका. रिकामा सुपरकपॅसिटर ३.३ व्होल्टपर्यंत भरायला साडेपाच ज्यूल लागतात, म्हणजे सरासरी वेगाने पाच तास.

वीज येत नसेल तर बोर्ड काढून मॉड्यूलच्या तारांवर मिलिव्होल्ट मोजा, दुपारी तीनला आणि पहाटे पाचला. दोन्ही वेळा ४०च्या खाली आकडा असेल तर दोष उष्णतेच्या वाटेत आहे: पेस्ट, सैल बोल्ट किंवा थर्मोकोलमधल्या फटी. मग तारांमध्ये २.२ ओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा मोजा. व्होल्टेज निम्म्याच्या आसपास यायला हवा. शून्याजवळ गेला तर मॉड्यूलला तडा आहे. मॉड्यूलचा रोध मात्र मल्टिमीटरने थेट मोजू नका. बोटाच्या उबेनेही त्यात व्होल्टेज तयार होतो आणि आकडा भरकटतो.

पावसाळ्याचे दिवस

ऑगस्टमध्ये दिवस-रात्रीचा फरक पाच-सहा अंशांवर येतो. शक्ती फरकाच्या वर्गाप्रमाणे घटते, त्यामुळे फरक एकतृतीयांश झाला की वीज एक नवमांश. मॉड्यूलच्या कडा सिलिकॉनने आधीच बंद करा, नाहीतर दव आत शिरून सांधे गंजतात.

या दिवसांत दाराशी पावलांच्या दाबावर छोटं काम निघतं. २७ मिलिमीटरच्या पितळी पिझो चकत्या (वाकवल्या की वीज देणाऱ्या) आठ घ्या. प्रत्येक चकती कडेने रिंगवर टेकवा, मधोमध रबराची गोळी चिकटवा आणि वर फळी ठेवा. चकती वाकली तरच पुरेशी वीज येते, सपाट दाबून फारशी येत नाही. फळीखाली टेकू असे लावा की मधला भाग अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खाली जाणार नाही, नाहीतर पहिल्याच भारी पावलाला सिरॅमिक फुटेल. पांढऱ्या भागावर सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, चांदीचा थर उडतो.

प्रत्येक चकतीला १एन४१४८ डायोडचा स्वतंत्र ब्रिज द्या आणि मग सगळे एकत्र जोडा; थेट जोडल्या तर दाबलेल्या चकतीची वीज न दाबलेल्या चकत्याच पितात. शॉटकी डायोड इथे नकोत, उलट दिशेने ते जेवढे गळतात तेवढीच इथे आवक आहे. एका चकतीची धारिता २० नॅनोफॅरडच्या आसपास असते आणि २० व्होल्टला तिच्यात ४ मायक्रोज्यूल मावतात. दाबणं आणि सोडणं दोन्ही धरलं तर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३ व्होल्टपर्यंत न्यायला एका चकतीला ४५ पावलं लागतात, आठ चकत्यांना सहा. मल्टिमीटरवर आकडा क्षणभर उठून पडतो, कारण मीटर स्वतःच ती वीज ओढतो. चाचणीला सरळ लाल एलईडी जोडून फळीवर पाय द्या आणि दिवा मालवून अंधारात बघा.